गोंबेचे चिंपँझी

टांझानियात टांगानिका सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरील गोंबे राष्ट्रीय उद्यानात राहणारे चिंपँझींचे (पॅन ट्रोग्लोडायटीस) समूह. ते या जातीच्या पूर्वेकडील उपजातीत मोडतात. जुलै १९६० मध्ये जेन गुडॉल यांनी येथे निरीक्षण सुरू केले. वन्य कपींच्या सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांत त्याची गणना होते.

प्रदेश : सरोवराकडे उतरणारे तीव्र डोंगरउतार, दऱ्यांत सदाहरित वन, माथ्यावर विरळ झाडी व गवत. १९६८ पासून राष्ट्रीय उद्यान. मधला कसाकेला, उत्तरेचा मितुंबा व दक्षिणेचा कलांडे असे तीन समूह.

अन्न व हत्यारे : मुख्य अन्न फळे, शिवाय पाने, कीटक आणि शिकार. लाल कोलोबस माकडांची शिकार बहुधा नर करतात आणि मांस मागणाऱ्यांना त्यातला वाटा मिळतो. १९६० च्या अखेरीस डेव्हिड ग्रेबिअर्ड हा नर वारुळात गवताची काडी घालून तिला चिकटलेली वाळवी खाताना दिसला. चिंपँझी डहाळीची पाने ओरबाडून ती वापरायोग्य करतात, हेही पुढे नोंदले गेले. हत्यार घडवणे ही केवळ मानवाची खूण आहे, हे मत त्यामुळे टिकले नाही. हे कौशल्य पिल्ले आईजवळ बसून उचलतात. मुली मुलग्यांच्या आधी तरबेज होतात.

आई व पिल्ले : गोंबेच्या नोंदींचा सर्वांत मोलाचा भाग हा आहे. गर्भावधी सुमारे आठ महिने. पिल्लू चार-पाच वर्षे दूध पिते. त्यामुळे ते जगल्यास दोन बाळंतपणांत साधारण पाच वर्षांचे अंतर पडते. एका आईची सगळी संतती पाहायची तर निरीक्षकांना दशके खर्चावी लागतात. गोंबेत एकाच आईच्या पिल्लांची नावे तिच्या नावाच्या आद्याक्षरावरून ठेवतात. त्यांतील फ्लो या मादीचे कुटुंब सर्वाधिक अभ्यासले गेले. १९७२ मध्ये फ्लो मेली. तिचा आठ वर्षांचा मुलगा फ्लिंट खाणेपिणे सोडून महिन्याभरात गेला. मोठा मुलगा फिगन पुढे प्रमुख नर झाला. मुलगी फिफी हिला नऊ पिल्ले झाली. त्यांपैकी फ्रॉइड, फ्रोडो व फर्डिनंड यांनी वेगवेगळ्या काळी समूहाचे नेतृत्व केले. अन्यत्र बहुतेक माद्या वयात येताच जन्मसमूह सोडतात. गोंबेत बऱ्याच तिथेच राहतात, फिफीही त्यांतलीच.

नर व सत्ता : नर जन्मभर एकाच समूहात राहतात. प्रमुखपद शरीरबळाइतकेच मैत्रीवर आणि परस्परांचे केस निवडण्यातून जुळलेल्या संबंधांवर टिकते. माइक या नराने १९६४ च्या सुमारास रॉकेलचे रिकामे डबे खडखडवत प्रतिस्पर्ध्यांना नमवले.

समूहांतील वैर : १९७० च्या दशकाच्या आरंभी कसाकेला समूह फुटून दक्षिणेस कहामा हा गट वेगळा झाला. १९७४ नंतर चार वर्षांत कसाकेलाच्या नरांनी तो संपवला. काही हल्ले प्रत्यक्ष पाहिले गेले, काही नर नुसते नाहीसे झाले. किमान एका वयस्क मादीचाही त्यांत बळी गेला. आरंभीच्या वर्षांत निरीक्षणासाठी केळी खाऊ घातल्याने वैर वाढले असावे, असा आक्षेप घेण्यात आला. १८ समूहांच्या नोंदींची तुलना करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा हत्यांचा मानवी हस्तक्षेपाशी संबंध आढळला नाही. तरी गोंबेत केळ्यांचा परिणाम किती, यावर एकमत नाही.

ध्वनी : दूरवर ऐकू जाणाऱ्या धापयुक्त हाळीवरून व्यक्ती ओळखता येते.

रोग : १९६६ मध्ये पोलिओसदृश साथीने अनेक चिंपँझी पंगू झाले. माणसांकडून येणारे श्वसनरोग घातक ठरतात.

नोंदी व संरक्षण : १९७५ मध्ये चार संशोधकांचे अपहरण झाल्यावर परदेशी विद्यार्थ्यांचा वावर थांबला. दैनंदिन नोंदी टांझानियन क्षेत्रसहायकांनी चालू ठेवल्या. त्यानंतरची माहिती मुख्यतः त्यांच्या श्रमांवर उभी आहे. उद्यानाभोवतीचे जंगल शेती व सरपणासाठी तोडले गेल्याने हे समूह एकाकी पडले. १९९४ पासून भोवतालच्या गावांच्या सहभागाने वनसंवर्धनाचे काम चालते. चिंपँझी ही जात संकटग्रस्त आहे. पाच वर्षांतून एकदाच पिल्लू होणाऱ्या या प्राण्यात एका प्रौढ मादीचे मरण भरून यायला दशकाहून अधिक काळ लागतो, म्हणून गोंबेचे छोटे समूह टिकायचे तर उद्यानाबाहेरचे जंगलही परत वाढायला हवे.