नवरा परका, म्हणून बायकोही परकी

नगर आणि कैद म्हटलं की आपल्याला १९४२ चे, किल्ल्यातले नेहरू आठवतात. मी आज त्याआधीच्या महायुद्धाबद्दल बोलणार आहे.

१९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि हिंदुस्थानात राहणारे जर्मन अचानक शत्रू ठरले. व्यापारी, मिशनरी अशा शेकडो पुरुषांना नगरच्या छावणीत डांबलं. त्यांच्या बायकांचं काय? त्याच वर्षीचा ब्रिटिश कायदा सांगत होता, जे नवऱ्याचं नागरिकत्व तेच बायकोचं. म्हणजे जर्मनाशी लग्न केलेली इंग्रज बाईसुद्धा कागदावर परकी! काही कुटुंबांना बेळगावच्या छावणीत ठेवलं, तर कित्येकींना १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' जहाजानं युरोपात धाडलं. हा नियम पूर्ण जायला १९४९ उजाडलं.

आणि आज? युरोपीय संघाचा नागरिक संघातल्याच दुसऱ्या देशात राहत असेल, तर २००४ च्या नियमांनुसार त्याच्या भारतीय बायकोला तिथे त्याच्यासोबत सलग पाच वर्षं कायदेशीरपणे राहिल्यावर कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळतो. तो मिळाल्यावर ती सलग दोन वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिली, तरच जातो.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे: तेव्हा बायकोचा हक्क नवऱ्यापासून सुरू होऊन त्याच्यापाशीच संपायचा. आजही सुरुवात तिथूनच होते, पण पाच वर्षांनी तो तिचा स्वतःचा होतो.