टेरी प्रॅचेट

सर टेरेन्स डेव्हिड जॉन प्रॅचेट ऊर्फ टेरी प्रॅचेट (जन्म : २८ एप्रिल १९४८, बीकन्सफील्ड, बकिंगहॅमशायर, इंग्लंड, मृत्यू : १२ मार्च २०१५, ब्रॉड चॉक, विल्टशायर, इंग्लंड) हे अद्भुतरम्य आणि विनोदी कादंबऱ्या लिहिणारे इंग्लिश लेखक होते. 'डिस्कवर्ल्ड' या ४१ कादंबऱ्यांच्या मालिकेमुळे ते जगभर ओळखले जातात. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यांच्या पुस्तकांचा खप सर्वाधिक होता. त्यांच्या मृत्यूपर्यंत ३७ भाषांमध्ये मिळून पुस्तकांच्या साडेआठ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. २००७ मध्ये अल्झायमर रोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराचे निदान झाल्यानंतरही त्यांनी लेखन थांबवले नाही.

बालपण आणि वाचन

टेरी हे डेव्हिड आणि आयलीन प्रॅचेट यांचे एकुलते एक अपत्य होते. प्राथमिक शाळेत त्यांची गणना हुशार विद्यार्थ्यांत होत नसे. १९५९ मध्ये अकराव्या वर्षीची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी वायकम टेक्निकल हायस्कूलची निवड केली. लॅटिन शिकण्यापेक्षा सुतारकाम अधिक मजेचे असेल, असे त्यांना वाटले होते. आपले खरे शिक्षण शाळेत नव्हे, तर बीकन्सफील्डच्या सार्वजनिक ग्रंथालयात झाले, असे ते पुढे सांगत. केनेथ ग्रॅहम यांच्या 'द विंड इन द विलोज' या पुस्तकामुळे त्यांना वाचनाची गोडी लागली. तेराव्या वर्षी, वर्षअखेरीच्या रात्री, शेजाऱ्यांची मुले सांभाळण्याचे काम करीत असताना त्यांनी जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचायला घेतली.

लहानपणी त्यांना खगोलशास्त्रज्ञ व्हायचे होते. मात्र त्यासाठी लागणारे गणित त्यांना जमले नाही. आकाशनिरीक्षणाचा छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला आणि पुढे घराच्या आवारात छोटी वेधशाळाही उभारली.

पत्रकारिता आणि नोकरी

'द हेडीज बिझनेस' ही त्यांची पहिली कथा तेराव्या वर्षी शाळेच्या नियतकालिकात आली. १९६३ मध्ये तीच 'सायन्स फँटसी' या मासिकात छापली गेली. तिच्या मानधनातून त्यांनी टंकलेखन यंत्र घेतले.

१९६५ मध्ये शाळा सोडून ते 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करू लागले. तेथे 'अंकल जिम' या नावाने त्यांनी मुलांच्या सदरासाठी अनेक गोष्टी लिहिल्या. गालिच्याच्या धाग्यांमध्ये राहणाऱ्या इवल्याशा माणसांची कल्पना याच सदरातून पुढे आली आणि १९७१ मध्ये 'द कार्पेट पीपल' ही त्यांची पहिली कादंबरी कॉलिन स्माइथ यांच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. वृत्तपत्रीय कामाने वेळेत, ठरावीक शब्दांत आणि मनःस्थितीची वाट न पाहता लिहिण्याची सवय लावली. न्यायालय, नगरपालिका, अपघात आणि मृत्यू यांच्या बातम्या देताना माणसांच्या बोलण्याचा त्यांना जो परिचय झाला, तो पुढे कादंबऱ्यांतील संवादांत उतरला.

थ्री माइल आयलंड येथील १९७९ च्या अणुदुर्घटनेनंतर थोड्याच काळाने ते केंद्रीय विद्युतनिर्मिती मंडळात प्रसिद्धी अधिकारी म्हणून रुजू झाले. त्यांच्या विभागात अनेक अणुऊर्जा केंद्रे असल्याने या नोकरीचा मुहूर्त आपण अचूक साधला, असा विनोद ते करीत. १९८७ मध्ये 'मॉर्ट' ही कादंबरी पूर्ण झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन सुरू केले.

डिस्कवर्ल्डची कल्पना आणि प्रेरणा

'द कलर ऑफ मॅजिक' (१९८३) या कादंबरीपासून मालिकेला आरंभ झाला. डिस्कवर्ल्ड हे तबकडीसारखे सपाट जग असून ते चार हत्तींच्या पाठीवर टेकलेले आहे आणि हे हत्ती 'ग्रेट अ'ट्युइन' नावाच्या, अंतराळात पोहणाऱ्या प्रचंड कासवावर उभे आहेत. कासवाने जग तोलून धरल्याची कल्पना अनेक संस्कृतींत आढळते. भारतीय परंपरेत मंदार पर्वत पाठीवर घेणारा कूर्मावतार आणि दिशा सांभाळणारे दिग्गज प्रसिद्ध आहेत. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात सगरपुत्रांना पाताळात पृथ्वी धारण करणारे चार हत्ती भेटतात. हत्ती आणि कासव यांची ही उतरंड भारतीय कल्पना म्हणून युरोपात सतराव्या शतकातच परिचित झाली होती. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने तिचा दाखला दिला आहे. प्रॅचेट यांनी ही पुराणकथा जशीच्या तशी खरी मानली आणि अशा जगात राहणारी माणसे कशी वागतील, असा प्रश्न विचारला. मालिकेतील बहुतेक विनोद याच प्रश्नातून जन्माला येतो.

पी. जी. वुडहाउस, मार्क ट्वेन आणि जी. के. चेस्टरटन हे त्यांचे आवडते लेखक होते. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे जुने अंक त्यांनी ग्रंथालयात बसून वाचले होते. वाक्प्रचार आणि दंतकथांचा 'ब्रूअर्स डिक्शनरी ऑफ फ्रेज अँड फेबल' हा कोश त्यांचा नेहमीचा सोबती होता. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीला त्यांनी प्रास्ताविकही लिहिले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडनमधल्या गरिबांच्या मुलाखती घेणारे पत्रकार हेन्री मेह्यू यांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. गटारांत उतरून मौल्यवान वस्तू शोधणाऱ्या मुलाची कथा सांगणारी 'डॉजर' (२०१२) ही कादंबरी त्यांनी मेह्यू यांनाच अर्पण केली.

काल्पनिक शहर रचताना शहरात पाणी कोठून येते आणि सांडपाणी कोठे जाते, येथून सुरुवात करावी, असे त्यांचे मत होते. त्यामुळे अंख-मॉरपॉर्क या त्यांच्या शहरात जादूगारांबरोबरच पोलीस चौकी, टपाल कार्यालय, वृत्तपत्र आणि टांकसाळ यांनाही स्वतंत्र कादंबऱ्या लाभल्या.

लेखनाच्या सवयी

नोकरीच्या काळात प्रॅचेट रोज रात्री सुमारे ४०० शब्द लिहीत. एकदा कादंबरी संपली तेव्हा त्या रात्रीच्या ठरलेल्या शब्दांपैकी काही बाकी होते. म्हणून त्यांनी नवा कागद लावून लगेच पुढची कादंबरी सुरू केली, असे ते सांगत. पूर्णवेळ लेखक झाल्यानंतर काही वर्षे त्यांची दरवर्षी दोन पुस्तके प्रसिद्ध होत.

ते सविस्तर आराखडा आधी आखत नसत. आपल्या पद्धतीला त्यांनी ढगांनी भरलेल्या दरीची उपमा दिली होती. लेखक दरीच्या कडेला उभा असतो. धुक्यातून एखादे झाड किंवा शिखर वर आलेले दिसते आणि मधली वाट लिहिता लिहिताच सापडते. त्यामुळे प्रसंग ते क्रमाने लिहीत नसत, सुचतील तसे लिहून नंतर जोडत. मोठ्यांसाठीच्या बहुतेक डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांत प्रकरणे नाहीत. तळटीपा मात्र विपुल असून विषयांतराचा विनोद त्यांतून साधलेला आहे.

संगणकाचा वापर त्यांनी फार लवकर सुरू केला. पुढे त्यांच्या लेखनकक्षात एकाच वेळी सहा पडदे असत. इतके पडदे कशाला, या प्रश्नावर आठ मावत नाहीत म्हणून, असे उत्तर ते देत. ब्रॉड चॉक येथील घराच्या आवारातील या लेखनकक्षाला 'चॅपेल' म्हणत.

आजार आणि अखेरची पुस्तके

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेट यांनी आपल्याला 'पोस्टीरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी' हा विकार झाल्याचे जाहीर केले. यात मेंदूच्या मागील भागाची झीज होते. आरंभीच्या काळात स्मृती आणि भाषा बऱ्याच अंशी शाबूत राहतात. मात्र डोळे निरोगी असूनही समोर दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लावणे अवघड जाते. कळफलकावरील अक्षरे सापडेनाशी झाली, तेव्हा पत्रकारितेपासून अंगवळणी पडलेले टंकलेखन त्यांना सोडावे लागले. त्यानंतर ते साहाय्यक रॉब विल्किन्स यांना मजकूर सांगू लागले आणि वाणी ओळखणारी संगणक प्रणालीही वापरू लागले. 'आय शॅल वेअर मिडनाइट' (२०१०), 'स्नफ' (२०११) आणि 'रेझिंग स्टीम' (२०१३) या कादंबऱ्या अशा रीतीने पूर्ण झाल्या. उत्तरकाळातील कादंबऱ्यांत पूर्वीचा नेमकेपणा कमी झाल्याचे काही समीक्षकांनी नोंदवले आहे.

मार्च २००८ मध्ये त्यांनी अल्झायमर संशोधनासाठी १० लाख डॉलरची देणगी दिली. असाध्य रोग्याला मृत्यूची वेळ निवडण्याचा अधिकार असावा, अशी भूमिका त्यांनी २०१० च्या रिचर्ड डिम्बल्बी व्याख्यानात मांडली. स्वतःला सलग वाचणे शक्य नसल्याने त्यांनी केवळ प्रास्ताविक केले आणि व्याख्यान अभिनेते टोनी रॉबिन्सन यांनी वाचले. याच विषयावरील 'चूझिंग टू डाय' (२०११) हा बीबीसीचा माहितीपट ब्रिटनमध्ये वादाचा विषय ठरला. प्रॅचेट यांनी स्वतः तो मार्ग घेतला नाही. त्यांचे निधन घरीच, नैसर्गिकरीत्या झाले.

'द शेफर्ड्स क्राउन' ही अखेरची कादंबरी ऑगस्ट २०१५ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाली. कथेला आदि, मध्य आणि अंत आहे. पण आणखी वेळ मिळाला असता तर लेखकाने तिच्यात भर घातली असती, असे विल्किन्स यांनी तिच्या अखेरीस लिहिले आहे. अपूर्ण लेखन कोणीही पूर्ण करू नये, अशी प्रॅचेट यांची इच्छा होती. त्यानुसार २५ ऑगस्ट २०१७ रोजी ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर येथे ते लेखन साठवलेली हार्ड डिस्क 'लॉर्ड जेरिको' नावाच्या जुन्या वाफेच्या रोड रोलरखाली चिरडण्यात आली.

सन्मान आणि मूल्यमापन

प्रॅचेट यांना 'द अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडंट्स' या बालकादंबरीसाठी २००१ सालचे कार्नेगी पदक मिळाले. १९९८ मध्ये 'ओबीई' हा सन्मान आणि २००९ मध्ये 'सर' हा किताब त्यांना देण्यात आला. किताब मिळाल्यावर त्यांनी घराजवळच्या शेतातून लोहखनिज गोळा केले, ते वितळवले, त्यात उल्केचे लोखंड मिसळले आणि त्याची तलवार घडवून घेतली.

अद्भुतरम्य साहित्य म्हणजे वास्तवापासून पलायन, हा समज त्यांना मान्य नव्हता. या साहित्याला ते व्यायामाच्या सायकलीची उपमा देत : ती कोठे नेत नाही, पण ज्या स्नायूंच्या बळावर पुढे जाता येते ते बळकट करते. मालिकेतील आरंभीच्या दोन कादंबऱ्या मुख्यतः प्रचलित फँटसीची विडंबने आहेत. 'मॉर्ट'पासून कथानकाला आणि पात्रांना अधिक महत्त्व आले. 'स्मॉल गॉड्स' (१९९२) मध्ये धर्मसत्ता आणि श्रद्धा यांतील अंतर, तर 'नाइट वॉच' (२००२) मध्ये क्रांती आणि कायदा यांचा विचार आढळतो.

निवडक साहित्य

- द कार्पेट पीपल (१९७१)
- द कलर ऑफ मॅजिक (१९८३)
- मॉर्ट (१९८७)
- गार्ड्स! गार्ड्स! (१९८९)
- गुड ओमेन्स (१९९०, नील गेमन यांच्यासह)
- स्मॉल गॉड्स (१९९२)
- नाइट वॉच (२००२)
- नेशन (२००८)
- डॉजर (२०१२)
- द शेफर्ड्स क्राउन (२०१५, मरणोत्तर)