कापसाची एक घडी

स्थानकवासी जैन साधुसाध्वी विहार करीत गावावरून जातात, तेव्हा त्यांच्या तोंडावर बांधलेली पांढरी मुहपत्ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आपल्या श्वासाने व बोलण्याने हवेतील सूक्ष्म जीवांची हिंसा घडू नये, हा तिच्यामागील हेतू. बांधणाऱ्याच्या रक्षणासाठी ती नव्हेच. मौज अशी की, युरोपातील शस्त्रवैद्यांनी तोंड झाकले तेही दुसऱ्यासाठीच. १८९७ साली ब्रेस्लाऊ येथील मिकुलिच यांनी विरळ सुती जाळीची पट्टी बांधून शस्त्रक्रिया केल्या. बोलताना उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू बाहेर पडतात, हे त्याच गावी फ्ल्यूगे यांनी दाखवून दिले होते. रोग्याच्या जखमेचे रक्षण, एवढेच त्या पट्टीचे काम. मात्र वैद्याने स्वतःच्या जिवासाठी आणि रस्त्यावरच्या माणसानेही ती बांधावी, हा विचार खऱ्या अर्थाने व्यवहारात आला तो मंचूरियात, १९१०-११ च्या हिवाळ्यात.

त्या हिवाळ्यात हार्बिन शहरात माणसे रक्त ओकून दोन-तीन दिवसांत मरू लागली. चीनच्या सरकारने तेथे वू लिएन-तेह या एकतीस वर्षांच्या डॉक्टरास धाडले. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचे. डिसेंबरअखेर ते पोचले आणि तीनच दिवसांत एका मृत स्त्रीचे शवविच्छेदन त्यांनी केले. फुप्फुसात प्लेगचे जंतू आढळले. तेव्हा हा प्लेग माणसाच्या खोकल्यातून थेट माणसाकडे जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

तो मानावयास जाणते लोक तयार नव्हते, आणि याचे कारण काहीसे आपल्याच देशात होते. १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर येथे झालेल्या संशोधनाने उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसू यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. ते ज्ञान खरेच होते. परंतु खरे ज्ञानही भलत्या जागी आंधळे करते. हार्बिनमधील शेकडो उंदीर चिरून पाहिले, तरी त्यांत प्लेग सापडला नाही. मेस्नी नावाचे एक अनुभवी फ्रेंच प्राध्यापक तेथे आले. या पोरसवदा चिनी डॉक्टराचे म्हणणे त्यांनी धुडकावून लावले आणि ते रुग्णालयात रोगी तपासावयास गेले. अंगात पांढरा झगा, हातांत रबरी मोजे. तोंड मात्र उघडे. ११ जानेवारी १९११ रोजी ते प्लेगनेच वारले. पुस्तकी वाद होता तो त्या दिवशी मिटला. मला त्यांची चेष्टा करवत नाही. प्राध्यापक भित्रे नव्हते, आणि आपणही पुष्कळदा याहून लहान हट्टापायी याहून मोठा धोका पत्करतोच.

वू यांची पट्टी म्हणजे अगदी साधी वस्तू. शस्त्रक्रियेसाठी वापरतात त्या जाळीदार कापडाचा तीन फुटांचा तुकडा घ्यावयाचा. लांबीत दुमडून मध्ये सहा इंच लांब व चार इंच रुंद अशी कापसाची घडी ठेवावयाची. दोन्ही टोके चिरून प्रत्येकीस तीन-तीन बंद करावयाचे. हे बंद डोक्याच्या मागे व टाळूवर बांधले की कापूस नाकातोंडावर घट्ट बसतो. खर्च अवघा काही पैशांचा. कोणत्याही घरी ती करता येई, हेच तिचे थोरपण. सतराव्या शतकात युरोपात प्लेगच्या वैद्यांनी चोचीचे मुखवटे घातले होते. त्यांत सुगंधी वनस्पती भरीत, पण त्यांमागचा तर्कच चुकीचा होता.

लवकरच हार्बिनच्या रस्त्यांवर जो तो पट्टी घालून दिसू लागला. पण पट्टी असणे निराळे आणि ती नाकावर असणे निराळे. काही जण ती गळ्यात ताईतासारखी मिरवीत. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आपणही तेच केले नाही काय? हनुवटीवर पट्टी, बोलताना खाली, आणि घरी आल्यावर तीच पुन्हा उद्याच्या खिशात! वास्तविक तिची बाहेरची बाजू हाताने चाचपू नये, मागचे बंद सोडूनच ती काढावी, मग हात धुवावेत. कापडी असेल तर रोज साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी, ओली झाली तर लगेच बदलावी.

अर्थात एकट्या पट्टीने प्लेग आवरला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. फुजियादियान ही हार्बिनजवळची चिनी वस्ती चार विभागांत वाटली गेली, घरोघर तपासणी झाली, रेल्वेच्या मालडब्यांत संशयितांना अलग ठेवले गेले. गोठलेल्या जमिनीत दफन अशक्य झालेल्या हजारो प्रेतांचे दहन करावयास, रूढीविरुद्ध, खुद्द राजदरबाराची अनुज्ञा मिळवावी लागली. मंचूरियात सुमारे साठ हजार माणसे दगावली. १ मार्च १९११ रोजी हार्बिनमध्ये शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि एप्रिलमध्ये मुकडेन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षपदी, ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते, तोच डॉक्टर बसला.