हृदयाचा स्नायू कसा मरतो: एका शोधाची गोष्ट

मांजरसुंब्याच्या फाट्यावर उभं राहिलं की एक रस्ता घाटातून बीडला जातो, एक केजवरून अंबाजोगाईला, एक पाटोद्याकडे. छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन निघालेल्यांना यातला एक लगेच धरावा लागतो. हे ‘लगेच’ वैद्यकाला कधी कळलं, ते आज आपण बघू.

शंभरेक वर्षांपूर्वी समजूत अशी होती, की हृदयाची रक्तवाहिनी एकदम बंद पडली की माणूस संपला. १९१२ साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी लिहिलं, की असे रुग्ण जगूही शकतात. पण उपचार काय, तर मुख्यतः अंथरुणात पडून राहणं. मेलेला स्नायू मेला, त्याला इलाज नाही, असंच धरून चालत.

तो स्नायू वाचवायची धडपड आपल्या मुंबईतही झाली. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, उदवाडिया, परुळकर आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली एक कल्पना मांडली. सापाच्या हृदयात स्नायूला बरंचसं रक्त थेट आतल्या कप्प्यातून मिळतं. मग सुईनं बारीक छिद्रं पाडून कुत्र्याच्या हृदयाला तसंच रक्त देता येईल का? पुढे लेसरनं अशी छिद्रं पाडून पाहिली गेली, पण ती बुजून जातात असं दिसलं. याच सेनांनी १९६८ साली भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं.

खरा उलगडा १९७७ साली झाला. अमेरिकेत रायमर, जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी कधी ४० मिनिटं, कधी ३ तास, कधी ६ तास बंद ठेवली. ४० मिनिटांनी मुख्यतः आतला थर मेलेला होता. तासागणिक मरण बाहेरच्या थराकडे सरकत गेलं. कडब्याची गंजी कशी एका कडेनं पेटत जाते, तसं बघा. उरलेला कडबा ओढून काढला तर वाचतो.

आत काय होतं? प्राणवायू तुटला की पेशीची ऊर्जा संपते. कॅल्शियम आणि पाणी आत साठतं, पेशी फुगते, शेवटी तिचं आवरण फाटतं. आतलं ट्रोपोनिन रक्तात येतं, दवाखान्यात तपासतात ते हेच. काही पेशी मात्र न फुटता, आवरून घेतल्यासारख्या मरतात. त्या मरणाला केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ नाव दिलं.

मग १९८६ साली इटलीत अकरा हजारांहून जास्त रुग्णांवर गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज औषधाची चाचणी झाली. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्यानं घटले. सहा तासांनंतर फायदा फारसा उरला नाही. कुत्र्यांत दिसलं, तेच माणसांत दिसलं.

आणि गेलेलं भरून येतं का? २००९ च्या एका संशोधनानुसार पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात, उतारवयात त्याच्या निम्म्याहून कमी. मेलेल्या जागी फक्त व्रण राहतो.

आपल्याकडे ‘पित्त असेल’ म्हणून रात्र काढतात. मंडळी, त्या रात्रीत गंजी जळत असते. १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. पित्त निघालं तर बरंच झालं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.