मेंटल पोस्टिंगची अर्धी तयारी

नर्सिंगच्या मुलींची मनोविकाराची पोस्टिंग जवळ आली की घरून आणि हॉस्टेलवर ठरलेला उपदेश सुरू होतो. वॉर्डात एकटी जाऊ नकोस, रुग्णाकडे पाठ करू नकोस, खिशात कात्री नको, दाराजवळ उभी राहा. रत्नागिरीचे मनोरुग्णालय 1886 सालचे. त्याची धास्ती कोकणातल्या घरांत तितकीच जुनी. सुरक्षितता म्हणजे रुग्णापासून मुलीचे रक्षण, असे सगळे धरून चालतात.

या सूचना चुकीच्या नाहीत. उन्मादाच्या भरात रुग्ण अंगावर येऊ शकतो. पण एवढ्यावर तयारी संपते, आक्षेप त्याला आहे.

धोका खाटेवरूनच येतो, हे कशावरून? 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला करणारा रुग्ण नव्हता, त्याच रुग्णालयाचा कर्मचारी होता. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट 2024 मध्ये तरुण डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला. दोषी ठरला तो पोलिसांचा स्वयंसेवक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात रुग्णालयही येते आणि प्रशिक्षणार्थीही. पण तिथल्या अंतर्गत समितीवर कोण आहे, हे निघण्यापूर्वी किती मुलींना सांगितले जाते?

आणि या सगळ्या उपदेशात रुग्णाच्या रक्षणाचा विषयच नसतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 वाचला तर त्याचा रोख नेमका तिकडे दिसतो. रुग्णाचे सक्तीने मुंडण करायचे नाही, गणवेशाची सक्ती नाही, साखळदंड नाही, एकांतकोठडी नाही. बांधून ठेवायचे तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, आणि तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही. माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. यातले शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण वॉर्डात सर्वाधिक ऐकू येणारी सबब तीच असते. हे ठाऊक नसलेली मुलगी चादरीने बांधलेला माणूस पाहते आणि यालाच मनोरुग्णसेवा म्हणतात असे शिकून परतते.

अजाणतेपणी तिच्याही हातून रुग्णाचे नुकसान होते. केस स्टडीच्या वहीत पूर्ण नाव, गाव, घरची भांडणे उतरवली जातात. वही हॉस्टेलभर फिरते. लांजा-संगमेश्वरसारख्या तालुक्यांत गावाचे नाव कळले की घर ओळखायला वेळ लागत नाही. गोपनीयता हा त्या रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. वॉर्डातल्या सेल्फीबद्दल तर बोलायलाच नको.

यावर एक जाणते उत्तर मिळते: मुलींना कायदा पढवला तर त्या तक्रारी करतील, रुग्णालय पोस्टिंगच बंद करेल. गप्प बसण्याचे खरे कारण इथे आहे, आणि ते प्रामाणिक तरी आहे. परंतु तक्रारीचा हक्क याच कायद्याने रुग्णाला दिला आहे: आधी रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. विद्यार्थिनीने फक्त पाहिलेले सांगायचे आहे. अडचण अशी, की जिच्या वॉर्डात ते घडले तीच इन्चार्ज सिस्टर तिच्या वहीवर सही करते. म्हणून निघण्यापूर्वी मुलीच्या हाती दोन नावे असावीत, एक रुग्णालयातले, एक कॉलेजातले, आणि त्या दोघांपैकी कुणाचीही सही तिच्या वहीला लागत नसावी.