खैरलांजी : ‘चारित्र्य’ नावाचे शस्त्र

१/ २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात जमावाने भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या केली : सुरेखा, त्यांची मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर व रोशन. पती भैयालाल तेवढे वाचले.

२/ पार्श्वभूमीला शेतजमिनीचा आणि रस्त्याचा वाद होता. प्रारंभीच्या बातम्यांत मात्र पुढे आले ते सुरेखाबाईंचे ‘चारित्र्य’. अनैतिक संबंधांमुळे गाव चिडले, असे सांगण्यात आले.

३/ द्वेषाची भाषा अशीच पटते. ती नेहमी शिवी देत नाही; पुष्कळदा नीतीचा आव आणते. ‘चारित्र्य’ हा एक शब्द उच्चारला, की संशय मृत स्त्रीवर जातो, मारेकरी ‘संतप्त गावकरी’ ठरतात आणि जात दृष्टीआड होते.

४/ २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या हत्यांमागे जातिद्वेष नव्हे, सूड मानला आणि सहा जणांची फाशी रद्द करून त्यांना कारावास दिला.

५/ जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल वारले, तेव्हाही या हत्यांना न्यायालयाने जातीय अत्याचार म्हटलेले नव्हते.