पडद्याआडची हवा

एडमे-जिल ग्युयो डॉक्टर नव्हता, तो व्हर्सायचा पोस्टमास्तर. स्वतःला ऐकू येईना तेव्हा त्याने एक वाकडी नळी तोंडावाटे नाकामागे नेली आणि तिथून कानाकडे जाणाऱ्या वाटेचे तोंड धुऊन काढले. १७२४ मध्ये त्याने हा उपाय पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला.

ही वाट म्हणजे युस्टेशियन नळी. मधल्या कानातली हवा तिथले अस्तर सतत शोषत असते. आवंढा गिळला किंवा जांभई आली की नळी क्षणभर उघडते आणि तूट भरून निघते. घाट उतरताना बसलेले दडे सुटतात तेही असेच. सर्दीने किंवा वाढलेल्या अ‍ॅडेनॉइडने नळी मिटून राहिली, तर कानाचा पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी झिरपते. लहान मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून हा त्रास त्यांना अधिक. वर्षानुवर्षे असेच चालले तर आत खेचलेल्या पडद्याच्या खोलगटात मृत कातडी साचून गाठ होते, कानातली नाजूक हाडे पोखरली जातात आणि कान वाहत राहतो. या गाठीला कोलेस्टिएटोमा म्हणतात.

हवेला दुसरी वाट द्यायची, तर पडद्यालाच भोक पाडायचे. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने हे धाडस केले आणि १८०१ मध्ये त्याचे निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. काही रुग्णांना तिथल्या तिथे ऐकू येऊ लागले. कूपरला कॉप्ली पदक मिळाले. पण पडदा जिवंत असतो. भोक काही दिवसांत भरून येई आणि बहिरेपण परत येई. शिवाय इतरांनी हा उपाय कोणत्याही बहिरेपणावर सरसकट वापरला, त्यामुळे चांगली कल्पना बदनाम झाली. याची हळहळ वाटते.

व्हिएन्नाचा अ‍ॅडम पोलित्झर मूळ वाटेकडे वळला. १८६३ मध्ये त्याने रबरी फुग्याची रीत प्रसिद्ध केली. रुग्णाने तोंडात घोटभर पाणी धरायचे, डॉक्टरने फुग्याचे टोक नाकपुडीत बसवायचे. रुग्ण पाणी गिळेल त्याच क्षणी फुगा दाबायचा, की हवा थेट कानात. सुई नाही, चिरा नाही. या रीतीत रोग्याच्या शरीराचा जो आदर आहे, तो त्या काळी दुर्मीळ होता.

पुढे पोलित्झरने पडद्याच्या भोकात रबराची छोटी कडीही बसवून पाहिली. पण ती बुजायची, निसटायची. कल्पना बरोबर असूनही ती मागे पडली.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या बेव्हर्ली आर्मस्ट्राँगने प्लॅस्टिकची बारीक नळी पडद्यात बसवून तोच धागा पुन्हा उचलला, आणि या वेळी उपाय टिकला. आजचा ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची इवली नळी, त्याच घराण्यातला. तो युस्टेशियन नळी बरी करत नाही; ती सुधारेपर्यंत हवेची ये-जा चालू ठेवतो. पडद्याची कातडी वाढत बाहेर सरकते आणि बहुधा वर्षभरात ग्रोमेटही तिच्याबरोबर आपोआप गळून पडतो. तोवर पुष्कळ मुलांची नळी नीट काम करू लागलेली असते. काहींना तो पुन्हा बसवावा लागतो.